इझ्रा पूलचा कॅच

(कॅरी, नॉर्थ कॅरोलायना. मॅच संपवून घरी जाताना. नंदा गाडी चालवतेय, शेजारी नवरा संजीव बोटाला बर्फ लावून, मागे त्यांची मुलगी आन्या.)

नंदा : एकच काम होतं तुम्हाला! कॅच सोडायचा!

संजीव : सोडणारच होतो गं. पण बॉल वर गेला आणि बाप्पा, हातच पुढे गेले!

नंदा : घरी दुधाचं पातेलं सुटतं हातातून, तिथे बॉल सुटेना!

आन्या : बाबा, तू इझ्रा पूल होतास! दीडशे वर्षांपूर्वीची ती मॅच आज जशीच्या तशी खेळून दाखवायची होती. आमच्या म्युझियमने सगळीकडे लिहिलं होतं, इकडचा पहिला प्रोफेशनल बेसबॉल प्लेयर. पहिल्याच मॅचमध्ये सोपा कॅच ड्रॉप, टीम हरली, करिअर ओव्हर. दॅट्स द होल स्टोरी!

संजीव : मग ग्लोव्ह द्यायचा ना मला!

आन्या : तेव्हा ग्लोव्ह्ज नव्हतेच!

संजीव : तेच तर! उघड्या हातावर बॉल आला की नागपूरच्या माणसासाठी ते क्रिकेटच. सोडला की कॉलनीतली पोरं वर्षभर चिडवायची.

नंदा : आणि बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळतात, तुम्ही घेऊन पळालात ते?

संजीव : टाकून कसा पळू? रनआउट झालो असतो तर?

नंदा : बेसवर बॅट टेकवली हो यांनी! अंपायर वाकून बघतोय, काय सांडलं म्हणून! थांबा, मला हसू आवरत नाही, गाडी बाजूला घेते.

संजीव : हस तू. आन्या, बेटा, तुझा पहिलाच प्रोग्रॅम. मी वाट लावली त्याची. बॉस काय म्हणाला?

आन्या : तो ओरडायलाच येत होता. पण त्याच्या आधी मिस पूल आल्या. जांभळी हॅटवाल्या आजी, पहिल्या रांगेतल्या. इझ्राची पणती.

संजीव : अरे देवा! रागावल्या?

आन्या : नाचत होत्या, बाबा! काठीसकट. बॉसलाही धरून नाचवलं. मग कुठला ओरडतोय तो!

नंदा : अगं बाई!

आन्या : त्यांच्याकडे थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला कुणाच्या हातून चमचा पडला तरी सगळे 'इझ्रा, इझ्रा' म्हणून हसतात. लहानपणापासून ऐकतायत. आज तो बॉल वर गेला तेव्हा त्यांनी डोळेच मिटून घेतले होते.

संजीव : मग?

आन्या : मग लोक ओरडले. आणि त्यांनी डोळे उघडले, तर बॉल तुझ्या हातात.

नंदा : तू सांगितलंस ना त्यांना, हे तुझे बाबा म्हणून?

आन्या : सांगितलं. म्हणाल्या, उद्यापासून असू देत तुझे बाबा. आज इझ्राच राहू दे.