कॉपर पेप्टाइड आणि आमचे मिस्टर

बायांनो, आधी ऐका, मग सांगा माझं काय चुकलं ते.

मागच्या दुष्काळात हर्सूलला आमच्या नव्या सोसायटीत नळच आला नव्हता. टँकरचं पाणी हंड्यांनी भरून मीच जिने चढायची. हाताची पार सालटं निघाली, भेगांतून रक्त यायला लागलं. शेवटी मिस्टरांना म्हटलं, "सिडकोत नवं स्किन क्लिनिक निघालंय, तिथं दाखवू." हे आपले केस काळे करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

काउंटरवरच्या पोरीनं माझ्या हाताकडं बघितलंसुद्धा नाय. सरळ यांना म्हणाली, "सर, हे कॉपर पेप्टाइडचं सीरम. त्वचा आतून दुरुस्त होते, सुरकुत्या कमी होतात. रोज आईंच्या चेहऱ्याला लावा."

आई! यांच्यापेक्षा चांगली चार वर्षांनी लहान हाय मी! आणि हे? मान डोलवत हसत बसले. "ही माझी बायको" एवढं काही तोंडातून निघालं नाय.

मग मीच उठले. म्हटलं, "व्हय बाई, माझाच ल्योक. लई गुणाचा. आईच्या हाताला भेगा पडल्या ना, म्हणून उद्यापासून सगळं पाणी तोच भरणार हाय. व्हय ना रे बाळा?"

अख्खं क्लिनिक हसायला लागलं. रिक्षात बसल्याबरोबर हे भडकले, "चारचौघांत मला बाळा म्हणतेस? लाज वाटत नाय?"

म्हटलं, "नवऱ्यानं तोंड उघडलं नाय, म्हणून लेकाशी बोलावं लागलं."