फलाटावरचा हात

दवाखान्यातल्या टीव्हीवर जुनी मालिका लागली होती. कंपाउंडर गोळ्या पुड्यांत भरत होता, पण त्याचे कान समोरच्या बाकड्यावरच्या आत्या-भाचीकडे होते.

"नायकाची गाडी सुटली बघ. ती खांबाजवळ हात हलवतेय ना, ती तुझी आजी."

"आजी मालिकेत?"

"मालिकेत कसली? सिनेमावाले फलाटावर गर्दी टिपत होते, त्यात ही सापडली. तोच तुकडा मालिकावाले जोडत बसतात. कुणीही गावाला निघालं की हिचा हात हलतो."

"पण ती तिथे कशाला गेली होती?"

"मला निरोप द्यायला. माझ्या लग्नावरून आमचं वाजलं होतं. येणार नाही म्हणाली, म्हणून मी खिडकीतून मागे पाहिलंच नाही."

"मग तुला कळलं कधी?"

"असंच, टीव्हीवर. ती गेल्यावर."

कंपाउंडरने नंबर पुकारला.

"आत्या, चल, आपलाच."

"थांब गं. गाडी जाऊ दे."