नोंद नसलेला मृत्यू

अरे, मी त्या भाषणात एकही वाक्य खोटं लिहिलं नव्हतं, म्हणून तर जास्त लागतं मनाला.

बदलापुरात नगरपालिकेची निवडणूक होती आणि आमच्या उमेदवाराचे, भाऊंचे, मुद्दे मी काढून द्यायचो. सोसायटीच्या हॉलमध्ये दोन्ही उमेदवार समोरासमोर बसले होते. विरोधकाने उघड्या नाल्यांचा विषय काढला, तेव्हा भाऊंनी माझी ओळ वाचली, "पाच वर्षांत आपल्या वॉर्डात नाल्यात पडून एकही मृत्यू नोंदलेला नाही."

टाळ्या पडल्या. मागे आमच्या खालच्या मजल्यावरच्या सुनंदाकाकू उठल्या. त्यांचे मिस्टर गेल्याच वर्षी वॉर्डातल्या अशाच एका उघड्या नाल्यात पडले होते. चार दिवसांनी ते उल्हासनगरच्या हॉस्पिटलात वारले, म्हणून मृत्यूची नोंद तिकडची आणि कारण डोक्याला मार.

काकूंनी भाऊंकडे पाहिलंच नाही. मला म्हणाल्या, "संदीप, हे तू लिहिलंस?"

"हो काकू."

"खोटं आहे?"

"नाही."

"मग माझे मिस्टर कशाने गेले, तेही सांग."

मी माईक घेतला आणि सगळं सांगितलं. भाऊंनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही.

घरी जाताना मी काकूंची माफी मागितली. त्या जिन्यात थांबल्या. म्हणाल्या, "टाळ्या वाजवणाऱ्यांना माहीत नव्हतं रे. तू अँब्युलन्समध्ये माझ्या शेजारी बसला होतास."