पुस्तकातला माधव

कोन? माधव? — तू माधव हायेस? पुन्हा मन बरं एकदा, मले नीट ऐकू दे. "काकू, मी माधवसारखी वाट पायीन" — असंच मनला ना तू आत्ता? कोनता माधव रे? तो मोबाईलवरचा? दाढीवाला, जो सुलभाच्या स्कुटीपुढं आपली गाडी आडवी लावते अन् मागून गानं सुरू होते — तो? पायली मी ती सिरियल. आठही भाग पायले, चष्मा लावून पायले. तिसऱ्या भागात तर मोबाईल पालथा ठेवला अन् गोठ्यात जाऊन बसली, इतका राग आला मले. नाई, पेढे राहू दे. डबा उघडू नको. बस. एवढ्या दूर वाशिमवरून रिठदले आला, तर ऐकूनच जा.

तुह्यात खोट नाई, प्रज्वल. सरकारी नोकरी हाय, आपल्याच समाजातला हायेस, दारू पेत नाई, आल्याबरोबर जय भीम घातला, पाया पडला. गल्लीतल्या बायांनी पायलंच असन तुले. सांजपर्यंत येतीन अन् मनतीन, अंजनाबाई, आता काय राजकुमार पायजे का तुमच्या दीपाले? — काय पायजे ते मी सांगते. माह्या पोरीनं तुले दोन डाव नाई मनलं. एक डाव ती काम करते त्या लॅबच्या पायरीवर, एक डाव फोनवर. हो, मले माहीत हाय. तिनं मले मनलं होतं, आई, तू मधात पडू नको, मी पायते — पन आता तूच घरात येऊन बसला, मंग मी कायले गप राहू? दोन डाव नाई ऐकलं, अन् तू काय केलं? वाशिमात तिच्या रूमसमोर रसवंतीपाशी उभा राहू लागला. रोज. ड्युटी सुटली का उभा. महिना झाला, पोट्टी मागच्या बोळीतून, नालीवरच्या फरशीवरून घरी जाऊन राह्यली — माहीत हाय तुले? कसं माहीत राहीन? तू तर समोरून उभा.

अन् वरून मले मनते, माधव!

अरे, त्या एका माधव-सुलभाच्या कादंबरीचं तीन डाव वाटोळं केलं या लोकायनं. मी लहान होती तवा मंगरूळच्या यात्रेत तंबूतला सिनेमा आला होता — काळा-पांढरा. मायच्या मांडीवर बसून पायला. त्याच्यात सुलभा नाई मनते, अन् माधव खिडकीखाली येऊन गानं मनते. एक नाई, तीन. पयल्या गान्याले ती खिडकी लावून घेते, दुसऱ्याले रडते, तिसऱ्याले हासते — झालं, जमलं! माय पदरानं डोळे पुसून राह्यली अन् मले मनते, पाय कसा जीव लावते. मी सात वर्साची. मले वाटलं, जीव लावनं मंजे हेच राहते. समोरच्यानं नाई मनलं का आपन दुसरं गानं सुरू करायचं.

मंग टीव्हीवरची आली. तुह्या जन्माच्या आधीची गोष्ट हाय, तुले नाई माहीत. आमच्या आसेगावात एकच टीव्ही, ग्रामपंचायतीत. रविवारी सकाळी सारं गाव खाली चटईवर. त्याच्यात गानं नव्हतं, त्याच्यात माधव सुलभाच्या घरासमोर झाडाखाली उभा राहते. चाळीस दिवस. उन्हात, उपाशी. — हासू नको. तवा मी बालवाडीत शिकवत होती, एकोनीस-वीस वर्साची. अन् बालवाडीसमोर लिंबाचं झाड होतं. अन् त्याच्याखाली सायकल घेऊन एक मानूस उभा राहू लागला होता. पांढरा शर्ट. रोज. लेकरं त्याले उभा मामा मनत. "मॅडम, उभा मामा आला!" — अन् साऱ्या वर्गात खी-खी. मी त्याले एक डाव जाऊन सांगतलं, तोंडावर सांगतलं, मले लग्न नाई करायचं, मले डी.एड. करायचं हाय, तुमी जा. तो मनला, मी थांबतो. — मी काय मनलं अन् तो काय मनला? सांग ना, तूच सांग. मी त्याले थांबा मनलं होतं का?

गावानं त्याले पानी नेऊन देलं. कोनं सावलीत बाज टाकून देली. मले कोनी पानी इचारलं नाई. बाप मनला, पोट्टा उन्हात काळा पडून राह्यला, तुले दया येत नाई का? — दया! मंजे उभा तो राह्यला अन् गुन्हेगार मी. अन् मंग तो रविवार आला. टीव्हीत सुलभानं दार उघडलं, माधवले आत घेतलं, अन् पंचायतीत टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवता वाजवता सारे मागं वळले. मागं मी बसली होती, बायांमधी. शंभर मानसं माह्याकडं पाहून टाळ्या वाजवत होते, प्रज्वल. मी मुंडकं खाली घातलं. लाजेनं नाई रे — भेवानं घातलं. पन त्यायनं पायलं, मुंडकं खाली गेलं. झालं. लाजली मने. हो मने. दुसऱ्या आठवड्यात साखरपुडा.

आता समजलं कोनाची गोष्ट हाय? हो. दीपाच्या बाबाची. तोच उभा मामा. पस्तीस वर्सं झाले, अजूनबी लोक लग्नात-बारशात सांगतात, जानरावचं लव्ह मॅरेज हाय. मी काही बोलत नाई. मानूस वाईट नाई, हे आधी ऐक — हात उचलला नाई, पोरीले शिकवली, मी आजारी पडली तवा भाकरी त्यायनं थापल्या. पन डी.एड. राह्यलं ते राह्यलंच. अन् मले कोनी इचारलं नाई ते नाईच इचारलं.

अन् खरी कादंबरी मी कवा वाचली, सांगू? दीपा नववीत होती, शाळेत बक्षिसात भेटली तिले. तिच्याआधी मी वाचली, चुलीसमोर बसून. एकशे बारावं पान. सुलभा नाई मनते. अन् माधव — तिची छत्री त्याच्या हातात असते, ती खाली ठेवते, अन् निघून जाते. बस. जाते! खिडकी नाई, झाड नाई, काही नाई. सहा वर्सं तो तिच्या गावात पाय ठेवत नाई. मंग सुलभा शाळा काढते, मायले सांभाळते, तिचं तिचं जगते, अन् तिच्याच मनात येते तवा ती जाते त्याच्या गावाले. स्वतः. टांग्यात बसून. मी ते पान चार डाव वाचलं. तव्यावरची भाकर जळून कोळसा झाली, घरभर धूर — अन् मी वरडली, एकटीच, पुस्तकावर वरडली. अरे, लिहिनाऱ्यानं लिहून ठेवलं होतं का तो जाते! तिघायनंबी तेच पान काढून टाकलं. कोनाले काय नडत होतं ते पान? एवढं एक पान राह्यलं असतं तर त्या रविवारी टाळ्या वाजल्या नसत्या. कदाचित वाजल्याबी असत्या, मले नाई माहीत. पन मी मुंडकं वर ठेवलं असतं.

मनून सांगते. उद्यापासून रसवंतीपाशी दिसला तर मी वाशिमले येईन, अन् पोलिसात जाईन, अन् तुह्या साहेबालेबी भेटीन. सॉरी मले नको मनू. दीपालेबी मनाले जाऊ नको, तेबी तिच्यापुढं उभं राहनंच हाय. नंबर काढून टाक. माह्यासमोर काढ. — दाखव. हं. पेढे घेऊन जा, गाडी फिरव, अन् सरळ घरी जा. हेल्मेट घाल.

जा.

…

तुमी? दीपाचे बाबा, तुमी कवा आले वावरातून?

दाराआड काहून उभे राह्यले? या ना आत. ऐकलं सारं? — ऐकलं असन तर बरंच झालं, मी काही परत घेत नाई. पानी देऊ का? चेहरा कसा झाला तुमचा… बोला काहीतरी. एवढ्या वर्सांत मी बोलली नाई, आता तुमी नका गप राहू.

काय मनलं?

नाई, आलं ऐकू. "मंग तुले राहायचं हाय का माह्यासंगं" — असंच इचारलं ना? इचारलं तुमी. आज इचारलं.

थांबा. लगेच नाई सांगत मी. असे माह्या तोंडाकडं पाहू नका. तुमी जा वावरात, जा — मले इचार करू द्या.