व्हिडिओतली ती मुलगी मी आहे

कुसुमबाईंच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. बाईंचे थोरले भाऊ, दादा, सारंगखेड्याजवळच्या त्यांच्या गावाहून आले आहेत. दादा, तुम्हाला वेगळा नमस्कार.

मला भाषण येत नाही. शाळेत असताना पंधरा ऑगस्टच्या भाषणासाठी बाईंनी मला दोनदा उभं केलं होतं. दोन्ही वेळा मी मधेच थांबले. आज थांबले तर सांभाळून घ्या. आज मात्र मी पूर्ण बोलूनच खाली बसणार आहे.

मागच्या रांगेतल्या पुष्कळांना मी कोण ते माहीत नसेल. माझं नाव रोशनी मावची. नवापूरच्या पलीकडे डोंगरात, गुजरातच्या हद्दीला लागून आमचं गाव आहे. खांडबाऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहात मी सहा वर्षं राहिले. कुसुमबाई गिरासे आमच्या अधीक्षिका होत्या. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो.

आणि तुम्ही सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिला आहे. एक बाई एका मुलीला दंडाला धरून ओट्यावरून ओढत नेते, थांबते, तिच्या थोबाडीत मारते, पुन्हा ओढते. बावीस सेकंदांचा आहे. ती मुलगी मी आहे.

तुम्ही माझ्यासाठी मोर्चा काढलात. माझ्यासाठी बाजार बंद केलात. माझ्यासाठी न्याय मागितलात. पण मला कोणी काही विचारलं का? या हॉलमधल्या एकाने तरी?

म्हणून आज सांगते. ऐका.

तो रविवार होता. दुपारी मी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढायला गेले. तिथे विटांचा ढीग होता. पायाला काहीतरी टोचलं असं वाटलं. खाली बघते तर नाग. मी ओरडले. बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, कणकेचे हात तसेच. त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि गाडीसाठी फोनामागून फोन केले. रविवारी गाडी कुठली मिळायला? शेवटी पोल्ट्रीच्या कोंबड्या वाहणारी एक पिकअप रस्त्याने चालली होती, ती बाईंनी आडवं उभं राहून थांबवली.

तोपर्यंत माझ्या पापण्या जड झाल्या होत्या. बोलता येईना. बाई ओरडत होत्या, "डोया उघाड वं पोरी, झपू नको, झपू नको." म्हणजे झोपू नको. त्यांची घरची बोली अहिराणी. घाबरल्या की त्या अहिराणीतच बोलायच्या. मी मान टाकली, तेव्हा त्यांनी मला थोबाडीत मारली. मी डोळे उघडले. त्यांनी मला ओढत पिकअपपर्यंत नेलं.

मी आता नर्सिंग शिकते. साप चावलेल्या माणसाला चालवायचं नसतं, हे आता मला माहीत आहे. मारून जागं ठेवण्याचाही उपयोग नसतो. बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की पोरगी झोपली तर गेली.

रस्त्यापलीकडच्या गच्चीवरून कोणीतरी फोन धरला होता. त्यात ओट्यावरचं दिसलं. नाग दिसला नाही, पिकअप दिसली नाही. आवाजही नव्हता. आवाज असता, तर "झपू नको" ऐकू आलं असतं.

चार दिवस मी दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होते. पहिले दोन दिवस बाई बाकावर बसून होत्या. माझी आई सांगते, त्या घरी गेल्या नाहीत, आईला हाताला धरून चहा पाजायच्या. आई आमची बोली बोलायची, बाई अहिराणी. दोघींना एकमेकींचं अर्धं कळायचं. तरी आईला सगळं समजत होतं.

तिकडे व्हिडिओ फिरत होता. वर लिहिलं होतं, "आदिवासी लेकीचा वसतिगृहात छळ. शेअर करा, न्याय मिळवून द्या." खाली शिव्या होत्या. बाई तापीकाठच्या, शेतीवाल्या घरातल्या, म्हणून त्यांच्या जातीला शिव्या. त्यांच्या दादांचा फोन नंबरसुद्धा कोणीतरी टाकला. साप चावल्याचं कोणी लिहिलं, तर उत्तर यायचं, "साप हा बहाणा आहे."

तिसऱ्या दिवशी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेतून बाईंना निरोप आला. खुलासा द्यायला या. बाई गेल्या. त्यांना वाटलं, आपली माणसं आहेत, ऐकून घेतील. पंधरा वर्षं त्या तिथे नोकरीला होत्या. त्या फाटकाशी पोहोचल्या तेव्हा मोर्चा तिथेच उभा होता. बाई त्या वेळी येणार, हे मोर्चाला कोणी कळवलं? ज्यांनी कळवलं ते आज इथे पुढच्या खुर्च्यांवर आहेत. मी नाव घेत नाही. त्यांनी मान खाली घातली आहे, तेवढं मला इथून दिसतंय.

फाटकाशी बाईंच्या तोंडाला काळं फासलं. आत गेल्या तर टेबलावर राजीनामा टाइप करून ठेवलेला. त्याच तोंडाने त्यांनी सही केली. तोंड पुसायला कोणी पाणी दिलं नाही.

मी शुद्धीवर आले तेव्हा तुमचा न्याय करून झाला होता.

मी सगळं गोड सांगणार नाही. बाई कडक होत्या. जिभेला धार होती. एकदा चोरून मोबाइल वापरला म्हणून त्यांनी आठवीतल्या एका मुलीला खरंच मारलं होतं, आणि ते चूक होतं. तेव्हा त्यांना जाब विचारायला हवा होता. मीसुद्धा तेव्हा गप्प बसले. पण ती मुलगी कोण, तिला काय हवं होतं, हेही कोणी विचारलं नाही. तुम्हाला तिच्याशी देणंघेणं नव्हतं. तुम्हाला व्हिडिओ मिळाला होता.

आता माझं सांगते. तुमच्यावर बोट ठेवून मी सुटणार नाही.

मी घरी आले तेव्हा आमच्या अंगणात पुढारी येऊन गेले होते. काकांबरोबर त्यांचे फोटो होते. काका मला म्हणाले, "सगळे लोक आपल्या बाजूने उभे आहेत. आता तू वेगळं बोललीस तर म्हणतील, हे विकले गेले. आपल्याला गावात राहायचं आहे." तरी मी एकदा त्या व्हिडिओखाली लिहिलं. लिहिलं की ती मुलगी मी आहे, मला साप चावला होता, बाईंनी मला वाचवलं. दहा मिनिटांत उत्तरं आली. "हिच्यावर दबाव आहे." "ही ती मुलगीच नाही." एकाने तर लिहिलं, "ताई, घाबरू नकोस, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत." माझ्या पाठीशी उभं राहून तो मलाच खोटं पाडत होता. मी लिहिलेलं पुसून टाकलं.

चौकशी समिती आली. मी जबाब दिला, डॉक्टरांनी कागद दिले. आठ महिन्यांनी अहवाल आला. बाई निर्दोष. तो अहवाल मी आपल्या गावाच्या मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनना पाठवला. भाऊ, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात. तुम्ही मला हात जोडल्याचं चित्र पाठवलंत आणि लिहिलंत, "ताई, विषय जुना झाला." व्हिडिओ जुना झाला नव्हता. तो अजून फिरतो. जुना फक्त अहवाल झाला. आणि मागच्या आठवड्यात त्याच ग्रुपवर तुम्ही बाईंचा फोटो टाकलात, फुलं वाहून, भावपूर्ण श्रद्धांजली लिहून. त्याच्याखाली ज्यांची नावं आहेत, ती मी एकेक करून वाचली. बरीचशी ओळखीची निघाली.

एकदा मी बाईंच्या गावाला गेले होते. बाई दादांच्या घरी मागच्या खोलीत राहायच्या, ब्लाउज शिवायच्या. त्यांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "तू बरी शे ना?" मी म्हटलं, बरी आहे. मग म्हणाल्या, "पहिले जेवी ले." ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. माझं जेवण झाल्यावर ताट उचललं. मग म्हणाल्या, "रोशनी, माले नोकरी नको शे. मन्हं नाव माले परत पाहिजे. मी तुले का मारं, ते तू लोकेसले सांग. तुन्हा तोंडातून." म्हणजे मी तुला का मारलं, ते लोकांना तुझ्या तोंडाने सांग.

मी म्हटलं, सांगते. व्हिडिओ करते, तोंड दाखवून करते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी तो व्हिडिओ केला नाही. आधी काका नको म्हणाले. मग परीक्षा आली. मग वाटलं, आता लोक विसरले असतील, कशाला उकरायचं? लोक विसरले नव्हते. बाईंना रक्तदाबाचा त्रास होता. त्या तालुक्याच्या दवाखान्यात रांगेत बसल्या होत्या, तेव्हा एका पोरीने त्यांना ओळखलं आणि समोरून फोन धरला. त्यानंतर त्या दवाखान्यात गेल्या नाहीत. दादा गोळ्या आणून द्यायचे, त्या कधी घ्यायच्या, कधी नाही. बाई गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला. व्हिडिओने बाई मेल्या असं मी म्हणणार नाही. मला तसं म्हणता येत नाही. पण दवाखान्याच्या रांगेत बसायची हिंमत त्यांच्यातून कोणी काढून घेतली, ते मला माहीत आहे. तुम्ही घेतलीत. आणि मी दिलेला शब्द पाळला असता, तर ती हिंमत थोडी तरी परत आली असती.

अजून एक गोष्ट. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलीने मध्यंतरी एका माणसाविरुद्ध तक्रार केली. खरी तक्रार. मी तिच्या अंगावरचे वळ पाहिले आहेत. तक्रार घेणाऱ्यांनी तिला पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? "हे खांडबाऱ्यासारखं तर नाही ना?" ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ठाऊक नव्हतं की खांडबाऱ्याची ती मुलगी तिच्या शेजारीच उभी आहे. माझ्या नावाने तुम्ही जे केलंत, त्याची शिक्षा तिला झाली. मुलींनी बोललं पाहिजे. माझं आजही तेच म्हणणं आहे. पण बोलणाऱ्या मुलीचं ऐकायला आधी कोणीतरी तिच्यासमोर बसावं लागतं.

बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. संस्थेवर ठेवला होता. या गावावर ठेवला होता, पंधरा वर्षं. आपण तिघांनीही त्यांना दगा दिला. याला दुसरा शब्द मला सापडला नाही.

आता आपण श्रद्धांजलीसाठी उभे राहणार आहोत. माझी एक विनंती आहे. ज्यांना बाईंची माफी मागायची असेल, त्यांनी ती मनातल्या मनात मागू नये. दादा इथे बसले आहेत. एकेकाने त्यांच्यापाशी यावं, आपलं नाव सांगावं आणि आपण काय केलं ते सांगावं. दादा माफ करतील का, मला माहीत नाही. नाही केलं तर तो त्यांचा हक्क आहे.

पहिली मी जाते. मी त्यांच्याशी बोलते आहे तोवर तुम्ही सगळ्यांनी गप्प उभं राहावं.