बांगड्याच्या तिखल्यावर दिलेला शब्द

वेंगुर्ल्यातल्या शाळेत मतदानाची रांग. उन्हाला कंटाळून अक्षया घरी सटकायच्या बेतातच होती, तेवढ्यात पुढ्यातले दोघे म्हातारे शेजारी, बाबली आणि दाजी, एकमेकांना बघून दचकले आणि जुंपली की!

“दाजी, तू हयसर कसो? काल माझ्याकडे बांगड्याचो तिखलो खाऊन शब्द दिलंस मां, मत घालूचंय नाय म्हणान?”

“आणि तू बाबल्या? तूच म्हणालंस, तुझा एका पक्षाक, माझा दुसऱ्याक, दोघांनी घराक रवला तरी हिशोब तोच. मगे इलंस कित्याक?”

“तुझो भरवसो नाय म्हणान.”

“माका पण तुझो नाय.”

“बरा. गुडघो कसो आसा?”

“ठणकता रे. ह्यो पायऱ्यो चढाक माका जमाचा नाय. जातंय मी घराक. घाल तू एकटोच.”

“जातंस खंय? धर माझो हात.”

“हात धरलंस म्हणान तुझा बटण दाबूचंय नाय हां!”

“नको दाबू. पण माझ्या मताक आडवो जाऊक तुझ्याशिवाय आसा कोण? चल, सावकाश.”

अक्षयानं पुढं होऊन दाजींचा दुसरा हात धरला.

“बाय गो, तुझा मत कोणाक?” दाजींनी विचारलं.

“ता सांगूचंय नाय आजोबा. पायरी बघा.”