दसऱ्याचं धनुष्य

हसू नका, पण माझ्या घरात दोन धनुष्यं आहेत आणि मी आजवर एकही बाण मारलेला नाही.

लॉकडाउनमध्ये आमचा इथला, ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाचा शेजारी, म्हातारा केन, कुंपणापलीकडून म्हणाला, "भावाच्या फार्मवर रानटी टर्की माजलेत, मेट. ओढायला हलकंसं धनुष्य घे, मी शिकवतो."

मी तीन महिने एक्सेलमध्ये धनुष्यं आणि बाणांची पाती ताडून बघत बसलो. मग ठरवलं, शस्त्रच आहे, तर दसऱ्यालाच घेऊ.

दसऱ्याला पूजा केली आणि झेंडूच्या फुलासकट धनुष्य केनला दाखवायला गेलो. दार त्याच्या मुलीने उघडलं.

"डॅडना परवाच नर्सिंग होममध्ये हलवलं. कोविडमुळे भेटायला बंदी आहे."

मग तिने आतून एक जुनं धनुष्य आणलं.

"तुझ्यासाठी केव्हाच हलकं करून ठेवलं होतं त्यांनी. रोज विचारायचे, संदीपचं ठरलं का?"